एकशे दहा अंशांवरचा माणूस

मानपाड्याचे आमचे घरमालक आपला मोबाइल कधीच पूर्ण उघडत नसत. तो झाकणाचा मोबाइल होता. किरमिजी रंग, आणि पाठीवर कॅमेऱ्याचं मसुराएवढं भिंग. शेवटच्या सहा महिन्यांत त्याचं झाकण पूर्ण उघडलं की पडदा पांढरा पडायचा आणि अर्ध्यावर आणलं की काळा. मधे एका ठिकाणी चित्र दिसायचं. तिथे ते झाकण अंगठ्याने तोलून धरत आणि मला म्हणत, ‘‘बग. लवकर बग. पापनी नको मारू.’’ मी एकदा मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिलं. एकशे दहा अंश. दोन अंश इकडेतिकडे झाले की फोटोतला माणूस नाहीसा.

तो माणूस कोण, हे शोधण्यात त्यांची साडेतीन वर्षं गेली. त्यातली काही माझ्यामुळे गेली असावीत. किती, ते मला सांगता येत नाही. एरवी मला आकडे सांगता येतात. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मी तपासणी खात्यात नोकरी केली. मायक्रोमीटर लावायचा, आकडा वाचायचा, माल पास किंवा नापास. या प्रकरणात पास की नापास, ते मला आजही कळलेलं नाही.

घरमालक म्हणजे तिथले मूळचे गावकरी. आजोबा मिठागरात, वडील भातशेतीत आणि हे स्वतः चौदा खोल्यांच्या तीन मजली इमारतीत. मी त्यांना काका म्हणे. त्यांची शाळा दुसरीत सुटली. सही करत, पण सहीला त्यांना पाऊण मिनिट लागे आणि मधे कोणी बोललं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे कोण आपल्या दारी आलं आणि कोणाच्या दारी आपण जायचं राहिलं, हे सगळं ते डोक्यात ठेवत. पन्नाशी उलटल्यावर डोकं चुका करायला लागलं. एका लग्नाला जायचं राहून गेलं आणि त्या घराने दोन वर्षं अबोला धरला. मग त्यांनी ठाण्याला जाऊन हा कॅमेऱ्याचा मोबाइल आणला.

त्यात फोटो मावत चाळीस. घरात हळद असो की दुःख, दारी आलेल्यांत जो डोक्यातून निसटेल असं वाटे त्याचा फोटो काढायचा. पुढे त्याच्या घरी आपण जाऊन आलो की त्याच्याच फाटकाबाहेर उभं राहून तो फोटो पुसायचा. पुसताना म्हणायचं, ‘‘मोकला.’’ पण सुखाला सुख आणि दुःखाला दुःख, हा त्यांचा नियम. हळदीला आलेल्याच्या घरी हळदीलाच जायचं. तो माणूस मधे आजारी पडला म्हणून भेटून आलं तर ते धरायचं नाही. त्यामुळे काही फोटो वर्षानुवर्षं अडकून पडत. एकदा इमारतीखाली त्यांनी एका शेजाऱ्याला माझ्यासमोर गाठलं.

‘‘आरं, पोराचं लगीन कवा करतस?’’

‘‘बघतोय ना काका. मुलगी पसंत पडायला हवी.’’

‘‘ती पसंत कर नायतर नको करू, पन तारीख धर. माजा फोन भरलाय.’’

दुःखाच्या यादीतले लोक त्यांना जास्त घाबरत. आमच्याच मजल्यावरचा एक जण हात जोडून म्हणाला होता, ‘‘काका, माझा फोटो तेवढा काढून टाका ना. आईचं ऑपरेशन आहे, उगाच मनाला लागून राहिलंय.’’ काका म्हणाले, ‘‘मी काय वाट बगतंय का? हाय तसा ऱ्हाऊ दे. मोबाइलमदी काय खातंय तो?’’

फोटो काढायची पद्धत वेगळीच. मोबाइल हातभर लांब धरायचा, एक डोळा मिटायचा (डोळा लावायला तिथे काहीच नव्हतं) आणि हुकूम सोडायचा, ‘‘श्वास धर!’’ बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत तो कॅमेरा जवळजवळ दोन सेकंद घेई. तेवढ्यात कोणी हललं की चेहरा पिठलं होई. म्हणून हळदीच्या मांडवात गाल फुगवून उभ्या असलेल्या माणसांची रांग लागे. एका म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘‘बाबा, ह्याच्यात छातीतला कफ पन दिसतंय का रं?’’

काकी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला ‘डबा’ म्हणत. ‘‘जेवान निवलं तरी चालंल, पन डबा ऊन पायजे,’’ असं त्या चार्जरकडे बघून बोलत.

त्या चाळीसांत एक फोटो असा होता की त्यातल्या माणसाने श्वास धरलेला नव्हता.

काकांचा धाकटा भाऊ तरुणपणी घर सोडून गेला होता. आधी ट्रकवर, मग कुठल्याशा हॉटेलात, मग कुठे कुठे. वर्षातून एकदा नवरात्रात यायचा, दोन दिवस राहायचा, काही न सांगता जायचा. शेवटी आजारी होऊन आला आणि अठरा दिवसांत गेला. दुःखाच्या बैठकीला अख्खं गाव आलं. दारापुढे ताडपत्री घातलेली. पुरुष माणसं रोज येऊन बसत. त्यात एका दिवशी काकांना मागच्या रांगेत एक अनोळखी माणूस दिसला. मान खाली, रुमाल डोळ्यांना लावलेला. काका विधीला बसलेले, उठता येईना. त्यांनी बसल्या जागेवरून मोबाइल काढला आणि फोटो घेतला. विधी संपवून पाहतात तर माणूस गेलेला.

‘‘चारशे मानसां आली,’’ काका मला सांगत. ‘‘सगली माज्यासाटी आली. माज्या भावसाला गावात कोन वलखत व्हता? यो एकटा त्याच्यासाटी आला. रडत व्हता, बग. चारशेत एक. त्याच्या घरी मना जायला नको?’’

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तिथे राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. मी लगेच कामाला लागलो. अशी कामं मला आवडतात. त्या फोटोत आडवे सहाशे चाळीस ठिपके आणि उभे चारशे ऐंशी. माणूस लांब बसलेला, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याच्या वाट्याला साधारण अठ्ठावीस ठिपके आले होते, आणि त्यातले निम्मे रुमालाचे. मोठं केलं की नुसत्या चौकोनी फरश्या. फोटो मोबाइलमधून बाहेर काढावा म्हटलं तर त्या मॉडेलची वायर ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही दुकानात मिळेना.

काका तो फोटो घेऊन शीळफाट्याच्या ट्रकवाल्यांत फिरून आले. एकाने सांगितलं, हा अमुक हॉटेलातला आचारी. आचाऱ्याला गाठलं तर तो चाळीस वर्षांत मानपाड्याला आलेला नव्हता. दुसऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, हा माझा मेहुणा. मेहुण्याला एक हात नव्हता; फोटोतल्याला दोन होते. माणसाच्या मांडीवर एक पिवळा डाग होता, सहा ठिपक्यांचा. काका म्हणत झेंडूचं फूल. काकी म्हणत साबणाची वडी. एक भाडेकरू म्हणाला, पिवळं रेशनकार्ड असेल.

काकी वैतागून म्हणाल्या, ‘‘एका फोटोपायी अख्ख्या गावाला येडा केलाय यानी.’’

‘‘तू गप. तो मरायच्या आधी मना त्याचं घर गावला पायजे.’’

‘‘आनि तुमी आधी गेलांव तर?’’

‘‘तर माज्या भावसाकरं कोनच आला नाय असा व्हईल.’’ काका हे अगदी साधेपणाने म्हणाले.

झाकणाचा बिघाड सुरू झाला तेव्हाची गोष्ट. बिजागरीतून पडद्याकडे एक कागदासारखी पातळ पट्टी जाते, ती रोजच्या उघडझापीने झिजली होती. तोपर्यंत काका फोटो दाखवायचे तो उभ्या-उभ्या, उन्हात, माणसांच्या गर्दीत. आता तो नेमका कोन साधावा लागे, म्हणून त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि मी तो खोलीत, पडदा ओढून, टेबलावर पुस्तकांना टेकवून नीट बघत बसलो. तो पिवळा डाग गोल नव्हता. त्याला एक बाजू सरळ होती, एक गोलाकार. माझ्याकडे पाच मीटरची पोलादी टेप आहे. तिचं कव्हर पिवळं, एक बाजू सरळ, एक गोलाकार.

मला सांगायला हवं की मी खोली शोधत होतो तेव्हा ती टेप घेऊनच हिंडत होतो. त्या काळात मी सतरा खोल्या पाहिल्या आणि प्रत्येकीची नोंद एका वहीत केली: लांबी, रुंदी, पाण्याची वेळ. अकरा क्रमांकाची नोंद अशी आहे: ‘मानपाडा. मालकाकडे दुःख. बोलणं अशक्य. थोडा वेळ बसून निघालो.’ वार रविवार. एवढी माणसं बसलेली असताना तोंड फिरवून परत जाणं बरं दिसेना, म्हणून मी मागे टेकलो होतो. दोन महिन्यांनी पुन्हा आलो आणि खोली घेतली. त्या दिवशी मी बसलो होतो, हे मी कधी विसरलो नव्हतो. पण बैठक कित्येक दिवस चाललेली. कोणी माझा फोटो काढल्याचं मला आठवत नव्हतं. आणि मी रडलो नव्हतो. म्हणून फोटोशी माझा संबंध लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी रडलो नव्हतो, हे आता मी तितक्या खात्रीने म्हणू शकत नाही. रस्त्याची धूळ डोळ्यात गेली होती, हे आठवतं. पण वहीत आठ, नऊ आणि दहा याही त्याच रविवारच्या नोंदी आहेत. तिन्ही ठिकाणी खोली रिकामी होती, मालकाने आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं त्याला आठवलं. आमचं घर बौद्ध. मला हे नवीन नव्हतं. तरी एका दिवसात तीनदा जास्त झालं होतं. तेव्हा रुमालात धूळ होती की आणखी काही, आणि असलं तर ते कोणासाठी, हे मी ठरवू शकलेलो नाही. काकांच्या भावासाठी नव्हतं, एवढं मात्र खरं.

एक महिना मी काही बोललो नाही. सांगितलं तर त्यांच्या भावासाठी आलेला एकुलता एक माणूस मी त्यांच्याकडून काढून घेणार होतो. न सांगितलं तर म्हातारा माणूस कल्याणपासून शीळफाट्यापर्यंत माझ्याच शोधात पायपीट करणार होता. बायको म्हणाली, ‘‘सांगू नका. काही बिघडत नाही त्यांना हिंडायला.’’ पण चूक माहीत असताना माल पास करायची मला सवय नाही. मी वही आणि टेप घेऊन खाली गेलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. टेप हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग मोबाइल त्या कोनात धरून एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

‘‘तू नाय ह्यो,’’ ते म्हणाले.

‘‘काका, पण टेप...’’

‘‘तुजी टेप पिवली. जगात तुजीच टेप पिवली का? आनि तुजं कान मोठं. याचं नाय.’’

‘‘अठ्ठावीस ठिपक्यांत कान कळत नाही, काका.’’

‘‘मना कलतंय.’’ त्यांनी मोबाइल मिटला. ‘‘बरं, आसशील तू. तू कशाला आल्तास?’’

‘‘खोली बघायला.’’

‘‘झालं तर. तू खोलीसाटी आल्तास. यो माज्या भावसासाटी आला. मंग तू आनि यो एक कसं?’’

या म्हणण्यात कुठेतरी चूक होती. मी ती बरेच दिवस शोधली. अजून सापडली नाही. काकांनी टेप परत दिली, काकींना चहा ठेवायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शोध सुरू. ते माझ्यावर रागावले नाहीत. माझं त्यांनी खरं मानलं की खोटं, तेही मला कळलं नाही. फक्त त्यानंतर त्यांनी तो फोटो मला कधी दाखवला नाही.

चारेक महिन्यांनी पट्टी पूर्ण तुटली. आता कुठल्याच कोनात काही दिसेना. मी त्यांच्याबरोबर ठाण्याच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मोबाइल हातात घेऊन आपल्या जोडीदाराला दाखवला आणि दोघं हसले.

‘‘काका, ये तो म्युझियम में रखो. पार्ट येणंच बंद झालंय याचं.’’

‘‘आत मानूस हाय.’’

‘‘काय आहे?’’

‘‘फोटो आहे,’’ मी म्हणालो. ‘‘तो तेवढा काढता येईल का?’’

‘‘कार्डवर असता तर काढला असता साहेब. हा फोनच्या पोटात आहे. नवीन घ्या ना, दोन हजार फोटो मावतील.’’

काकांनी मोबाइल रुमालात बांधून खिशात ठेवला. टेंभी नाक्यापर्यंत आम्ही पायी आलो. तिथे थांबून ते म्हणाले, ‘‘आता कोन तो, ते कदी कलायचा नाय. मंग एकच इलाज.’’

‘‘कोणता?’’

‘‘सगल्यांकरंच जायचा.’’

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलले. पण काका खरोखरच सगळ्यांकडे जायला लागले. ज्या घरात कोणी गेलं असेल त्या घरी. रिक्षावाल्यांकडून, फुलवाल्यांकडून, नाक्यावरच्या श्रद्धांजलीच्या फलकांवरून त्यांना पत्ता लागे. पांढरा सदरा घालायचा, जायचं, चपलांजवळ दहा मिनिटं बसायचं, कोणाशी न बोलता उठायचं. मोबाइल नाही, फोटो नाही. मी हिशेब मांडून दाखवला होता की ठाणे ते कल्याण एवढ्या वस्तीत योग्य घर लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. ते म्हणाले, ‘‘जवलजवल ना?’’

काकी म्हणायच्या, ‘‘लोकां इचारतात, तुमच्या मालकाचं ठीक हाय ना? मी काय सांगू?’’

पुढे मी ठाण्यात स्वतःची जागा घेतली आणि मानपाडा सुटलं. वर्षभराने माझे वडील गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आम्ही वडिलांच्या जुन्या चाळीच्या हॉलमध्ये ठेवला होता. त्रिशरण सुरू होतं आणि मला मागे, चपलांजवळ, काका बसलेले दिसले. हात जोडलेले, ओठ एक शब्द मागून हलत होते. मी त्यांना कळवलं नव्हतं. दहा मिनिटांनी ते उठले. माझ्या चुलत्यांनी विचारलं, ‘‘कोण रे ते? दादांच्या कामावरचे का?’’ मी तसाच जिन्याने खाली धावलो.

‘‘काका! माझ्याशी एक शब्द न बोलता निघालात? वर चला, खीर तरी घ्या.’’

‘‘तुज्याशी काय बोलू? तुज्याकरं मी परवा येनार. आज तुज्या बापसाकरं आल्तू.’’

‘‘पण तुम्ही बाबांना कधी पाहिलंही नव्हतं.’’

‘‘नाय ना,’’ ते म्हणाले, जणू मी त्यांचीच बाजू मांडत होतो. आणि रिक्षात बसले.

संध्याकाळी मी आलेली माणसं आठवून मोजली. एकशे बारा. माझ्या कारखान्यातली वजा केली. बहिणीच्या सासरची वजा केली. आईच्या मैत्रिणी, चाळीची रीत म्हणून आलेले, नात्याची लाज म्हणून आलेले. केवळ बाबांसाठी कोण आलं, ते बघायचं होतं. शेवटी उरला एक, आणि त्याची बाबांशी ओळख नव्हती. मी तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा उत्तर तेच. बाबांना माणसं नव्हती की मला ती माहीत नव्हती, हे त्या उत्तरातून कळत नव्हतं.

परवा काका खरंच आले. या वेळी खुर्चीवर बसले, चहा मागून घेतला, साखर कमी आहे म्हणाले. मानपाड्याच्या रस्त्याला आणि पाण्याला शिव्या देऊन झाल्या. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘तुजा बापूस कसा व्हता रं?’’

मी सांगायला लागलो. उंची पाच फूट चार इंच. चपलेचा नंबर सात. एका गोदामात एकतीस वर्षं नोकरी, त्यात बिनपगारी रजा नऊ दिवस. सकाळी पाच चाळीसला उठत, घड्याळ न लावता. आणि मग मी थांबलो. रडू वगैरे आलं नव्हतं. पुढे काय सांगायचं असतं, तेच समजेना.

काकांनी मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

‘‘ह्ये माप झालं,’’ ते म्हणाले. ‘‘आता मानूस सांग. मना घाई नाय.’’